तेजस कुणाकुणाला ओळखतो

वारजे, पुणे
२१ नोव्हेंबर २००६

प्रिय उत्कर्षा,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी "बघते" म्हणाले आणि ठेवून दिला. तुला वाटलं असेल, ताई कामात आहे. मी कामात नव्हते. कणीक मळून झाली होती, तुझे भावजी पेपर वाचत होते आणि तेजस गॅलरीत कपड्यांचे चिमटे रंगाप्रमाणे लावत बसला होता. मला बोलता येईना, एवढंच. फोनवर मला राग आला की माझा आवाज चढतो, मग मी रडते, मग समोरचं माणूस माझी समजूत काढतं आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. आई आपल्या दोघींना आयुष्यभर असंच गप्प करत आली. म्हणून लिहायला बसले. कागदावर मला मध्येच कुणी तोडत नाही. तू जे विचारलंस त्याचं उत्तर शेवटी देते. आधी शुक्रवारी काय झालं ते वाच, कारण रविवारी तू तेजसची चौकशी केली नाहीस आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

शुक्रवारी शाळेची सहल कात्रजच्या सर्पोद्यानात गेली होती. आठ वर्षांच्या पोराची ही पहिली सहल. मागची दोन वर्षं "जबाबदारी कोण घेणार" असं म्हणून त्याला त्या दिवशी घरी ठेवायला सांगितलं होतं. यंदा मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. म्हटलं, शाळेतल्या सेविका इंदुबाई त्याला रोज सांभाळतात, त्यांच्या मागून तो हलत नाही, त्या बरोबर असल्या की काळजी नाही. बाईंनी परवानगी दिली ती अशी, की जणू माझ्या मुलाला फुकट विलायतेला पाठवतायत. आणि मुलं हरवू नयेत म्हणून शाळेने काय केलं असेल? सगळ्यांना, शिक्षिकांना आणि सेविकांनासुद्धा, एकसारखे पिवळे टी-शर्ट आणि पिवळ्या टोप्या. इंदुबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा साडी सोडून सुनेचा पंजाबी ड्रेस घातला, वर तो टी-शर्ट, डोक्यावर टोपी, पायात कापडी बूट. बिचाऱ्या हौसेने नटल्या होत्या. त्यांचा काही दोष नाही.

पण तेजसच्या इंदुबाई म्हणजे काय, हे मी शाळेला तीनदा लेखी दिलं होतं. त्याच्या इंदुबाई म्हणजे निळी साडी, कमरेला चाव्यांचा जुडगा आणि रबरी चपलेचा फटक फटक आवाज. त्यातलं काहीच त्या दिवशी आलं नव्हतं. सेंटरवरची हमीदा, जी त्याला बोलायला शिकवते, तिने मला एकदा फार सोपं करून सांगितलं होतं. ती म्हणाली, "काकू, वाचता येणारा माणूस दुकानाची पाटी कशी वाचतो? अक्षरं लावत बसत नाही, एका नजरेत नाव कळतं. आपण चेहरे तसे वाचतो. तेजस अजून अक्षरं लावतोय. चष्मा, मग तीळ, मग भांग. त्यातलं एक अक्षर पुसलं की त्याचा शब्दच बदलतो." ती असंही म्हणाली की सगळी स्वमग्न मुलं अशी नसतात, तिच्याकडे एक मुलगी आहे, तिने एकदा पाहिलेला माणूस ती वर्षाने ओळखते, फक्त त्याच्याकडे बघत नाही. प्रत्येकाचं वेगळं. हे तुला नवीन नाही. तू कॉलेजला असताना आमच्याकडे राहत होतीस आणि नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात ऑफिसच्या प्रिंटरवर चोरून या विषयावरचे गठ्ठाभर कागद काढून आणले होतेस. महत्त्वाच्या ओळींखाली हिरव्या पेनाने रेघा तूच मारल्यास. ते कागद माझ्याकडे अजून आहेत.

तो मोठा डॉक्टर तुला आठवत असेल. तू नव्हतीस बरोबर, पण परत आल्यावर मी किती रडले ते पाहिलं होतंस. त्याने टेबलावर आठ बायकांचे फोटो मांडले. त्यातला माझा फोटो लग्नाआधीचा, स्टुडिओतला, खांद्यावर लांब वेणी, डोळ्यांवर चष्मा नाही. पाच वर्षांच्या तेजसला विचारलं, आई कुठाय? त्याने एका अनोळखी बाईच्या फोटोवर बोट ठेवलं, कारण तिच्या कानात माझ्यासारख्या गोल रिंगा होत्या. डॉक्टर मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीत म्हणाला की बघा, स्वतःच्या आईची ओळखदेखील नाही. मला इंग्रजी समजत नाही अशी त्याची खात्री होती. मी बी.कॉम. आहे हे त्यालाही माझ्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नव्हतं, पण त्याची कुणी नोंद घेतली नाही. आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा टेबलाखाली तेजसने आपल्या पायाचा अंगठा माझ्या पावलावर घट्ट दाबून धरला होता. पाऊण तास. आई कुठाय हे त्याला पक्कं माहीत होतं. टेबलाखाली वाकून बघायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. त्याची चीड अजून आहे, आणि ती डॉक्टरपेक्षा माझ्यावर जास्त आहे.

तर कात्रज. साडेबाराला शाळेतून फोन आला की तेजस सापडत नाहीये. मी तेव्हा पोळ्या करत होते. तुझे भावजी पिंपरीला कारखान्यात, पहिल्या पाळीला. स्कूटी काढली, नेहमीसारखा स्कार्फ डोक्याला तोंडाला गुंडाळला, गॉगल लावला, हातमोजे घातले आणि बायपासने निघाले. ट्रकांच्या मधून मी कशी गाडी चालवली ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी सबंध रस्ताभर मोठ्यांदा इंदुबाईंची, बाईंची आणि स्वतःची खरडपट्टी काढत होते आणि तोंडावर स्कार्फ असल्यामुळे कुणाला कळत नव्हतं.

झालं होतं असं. त्याच दिवशी आणखी एका शाळेची सहल आली होती आणि त्यांच्या सेविकेची साडी निळी होती. चाव्या होत्या की नाही देव जाणे, पण साडी निळी होती. तेजस शिस्तीत त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, शिकवल्याप्रमाणे. त्यांच्याबरोबर त्याने साप पाहिले, मगरी पाहिल्या, त्यांच्याच पंगतीत बसून कुणाचा तरी अर्धा पराठाही खाल्ला. तो हरवलाच नव्हता, उत्कर्षा. तो रांगेतच होता. पिवळ्या टोपीचं मूल आपल्यात आहे हे त्या लोकांना बसमध्ये डोकी मोजताना कळलं आणि पिवळ्या टोप्यांना आपल्यातलं एक कमी आहे हे कळायला त्याहून उशीर लागला. त्यांनी त्याला फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या ताब्यात दिलं. रंगराव नाव त्यांचं, सासवडकडचे, साठीला आलेले. नाव विचारलं तर तेजस काही सांगेना, तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आपल्या बाकावर जागा करून दिली आणि शेजारी गप्प बसून राहिले. मला नंतर म्हणाले, "पोरगं घाबरल्यालं न्हवतं, ताई. वाट बघत व्हतं. मंग म्या बी बघत बसलो."

मी पोचले तेव्हा मुख्याध्यापिकाबाई आणि दोन शिक्षिका त्याला बाकावरून उठवायला बघत होत्या. तिघी पिवळ्या टोप्यांमध्ये. बाई त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडत होत्या, "तेजस, मी आहे ना, ओळखलं नाहीस का मला?" तो कानांवर हात घेऊन किंचाळत होता. फाटकाशी कॉलेजच्या मुलींचा घोळका नुकताच गाड्या लावत होता. सात-आठ जणी, सगळ्या माझ्यासारख्याच डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या, गॉगल, हातमोजे. पुण्यातल्या बायका दुपारी कशा दिसतात ते तुला माहीतच आहे, बँक लुटायला निघाल्यासारख्या. मी त्यांच्यातच गाडी स्टँडला लावली. हाक मारायचं भान नव्हतं. तेजसने किंचाळणं थांबवलं. तो बाकावरून उतरला, बाईंच्या हाताखालून निघाला, त्या मुलींच्या घोळक्यातून, एकीकडेही न बघता, सरळ माझ्याकडे आला आणि त्याने माझं कोपर धरलं. कोपराची ती सैल कातडी तो तान्हा असल्यापासून चिमटीत धरतो, तशी. माझ्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही. पाहून दिसणार तरी काय होतं, स्कार्फ आणि काळी काच. स्कूटीच्या आवाजावरून ओळखलं की चालीवरून, की मी स्टँड लावताना जो एक पाय आपटते त्यावरून, मला अजून सांगता येत नाही. पण एवढ्या बुरखेधारी बायकांतून माझ्या मुलाने मला हुडकून काढलं, आणि त्याला क्षणही लागला नाही.

आणि मग बाई तावातावाने माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, कोण तुम्ही? मुलाला कुठे नेताय?" तीन वर्षं दर महिन्याला मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसते आहे. मी स्कार्फ सोडला. त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरून मला म्हणाल्या, "बघा, केवढा मनस्ताप दिला याने. आम्हालासुद्धा ओळखत नाही."

शनिवारी शिपाई पत्र घेऊन घरी आला. "आपला पाल्य परिचित व्यक्तींनाही ओळखत नसल्याने त्याच्या सुरक्षिततेची हमी शाळा देऊ शकत नाही. तरी सोमवारपासून त्यास शाळेत पाठवू नये." खाली बाईंची सही, लफ्फेदार. तुझ्या भावजींनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जाऊ दे, दुसरी शाळा बघू." ते चांगले आहेत, पण दमले आहेत. ही तिसरी शाळा आहे. मी मात्र त्या रात्री शांत झोपले, खरं सांगते. इतका स्वच्छ राग मला कित्येक वर्षांत आला नव्हता. दरवेळी रागात थोडी शरम मिसळलेली असायची, की आपलंच मूल असं, आपण कुणाला काय बोलणार. या वेळी शरम नव्हती.

काल सोमवारी मी तेजसला गणवेश घालून, डबा भरून शाळेत घेऊन गेले. फाटकाशी इंदुबाई होत्या, निळ्या साडीत. त्याने माझं कोपर सोडलं आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला, रोजच्यासारखा. इंदुबाई पदराने डोळे पुसत होत्या. मी आत गेले आणि बाईंच्या टेबलावर ते पत्र ठेवलं. म्हटलं, "मॅडम, आपण असं करू. उद्या मी स्कार्फ आणि गॉगल लावून येते. तुमच्या सहा शिक्षिकांनाही तसंच उभं करा. तुम्ही त्यांतून मला ओळखून दाखवा. ओळखलंत तर मी दाखला घेऊन जाते. नाही ओळखलंत तर हमी द्यायला कोण अपात्र आहे ते पुन्हा एकदा लिहून काढू." बाई म्हणाल्या, "तुम्ही भांडायला आला आहात का?" मी म्हटलं, "हो." त्यांनी पत्र उचलून खणात टाकलं आणि म्हणाल्या, "तूर्त राहू दे." तूर्त. बरं, तूर्त तर तूर्त. मी त्यांच्याकडून लिहून घेतलं की पुढच्या सहलीला इंदुबाई आपल्या रोजच्या साडीत येतील. त्यांना ती अट पोरकट वाटली. वाटू दे.

आता तुझ्याबद्दल. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तू पार्लरमधून थेट आमच्याकडे आली होतीस. केस सरळ करून खांद्यापर्यंत कापलेले, चष्म्याऐवजी लेन्स, नवा सेंट, पायात उंच टाचांचे सँडल. सुंदर दिसत होतीस, मी तेव्हाही म्हटलं होतं. पण तू दारात उभी राहून तोंडावर बोट ठेवलंस, मला गप्प राहा म्हणून खुणावलंस आणि तेजससमोर नुसती उभी राहिलीस. बघू ओळखतो का, म्हणून. तो तुझ्या बाजूने निघून गेला, परक्या माणसाच्या बाजूने जावं तसा. मग तू स्वयंपाकघरात येऊन रडलीस. "ताई, मी याला दोन वर्षं मांडीवर घेऊन बसलेय. ज्याला मावशी कळत नाही त्याला कळतं तरी काय?" मी तुला चहा दिला आणि गप्प बसले, कारण दुसऱ्या दिवशी तुझा साखरपुडा होता. गप्प बसायला नको होतं. त्या डॉक्टरने फोटो मांडले होते, तू स्वतःला मांडलंस, दुसरा फरक मला दिसत नाही. तुझा चष्मा काढायचा, काच पुसायची आणि परत तुझ्या नाकावर ठेवायचा हा त्याचा रोजचा खेळ होता. तू चष्मा काढलास, केस कापलेस, वास बदललास, चाल बदललीस आणि वर आवाजही दिला नाहीस. आता मला सांग, त्याने तुला कशावरून ओळखायचं होतं? नाकावरून?

आणि तू पाहिलं नाहीस ते सांगते. तू रडत बोलायला लागलीस तेव्हा तो गॅलरीतून धावत आला. तुझा आवाज होता ना. तू सिंककडे तोंड करून डोळे धूत होतीस. तो येऊन तुझ्याकडे पाठ करून तुला टेकून उभा राहिला, जसा तुलाच टेकायचा, आणखी कुणाला नाही. तुला वाटलं पोरगं मध्येमध्ये येतंय. तू "थांब रे" म्हणून त्याला बाजूला केलंस आणि निघालीस, खाली रिक्षा उभी होती. तू गेल्यावर त्याने चपलांच्या कप्प्यातून तुझी जुनी चप्पल काढली, कॉलेजची, अंगठा तुटलेली. दारापाशी जोडीने ठेवली, टाचा दाराकडे, बोटं घरात. म्हणजे आलेल्या माणसाची ठेवतात तशी. दोन दिवस त्याने ती मला उचलू दिली नाही. हे मी तुला तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित रविवारचा तो फोन आला नसता. पण मी विचार केला, हिच्या आनंदात विरजण कशाला. साखरपुड्याला तेजसला ताप होता म्हणून मी एकटीच आले. त्या दिवशी सगळे माझ्याशी किती गोड वागले, आणि त्याच्याबद्दल कुणी एका शब्दाने कसं विचारलं नाही, याचा अर्थ मला परवा लागला.

रविवारी तू म्हणालीस, "ताई, दहा डिसेंबरला तेजसला शेजारच्या जिनतभाभींकडे ठेवशील का? एकाच दिवसाचा प्रश्न आहे. व्हिडिओ शूटिंग आहे, अभिनवकडची सगळी मंडळी असणार, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांच्या मनात उगाच नको यायला की हे आपल्या घराण्यातच आहे. आणि तसंही तो कुणाला ओळखत नाही गं, त्याला काय फरक पडतो." मागे आईचा आवाज येत होता, "नीट सांग तिला." म्हणजे आईला माहीत होतं. जिनतभाभी त्याला आनंदाने ठेवतील, महिनाभरही ठेवतील, पण का ठेवायचं हे मला त्यांना सांगता येणार नाही, म्हणून मी त्यांना विचारणार नाही. माझं उत्तर असं आहे: आम्ही तिघंही येणार. तेजसचा नवा झब्बा शिवायला टाकलाय. अभिनव चांगला मुलगा आहे असं तूच वर्षभर सांगते आहेस, तर त्याला चांगलं वागायची एक संधी दे. लग्नाआधी सांग, नंतर सांगितलंस तर ते सांगणं राहत नाही, कबुली होते. तू नाही सांगितलंस तरी मी सांगणार नाही, ते काम माझं नाही. पण कार्यालयात कुणीतरी विचारणारच, हा मुलगा कोण. त्या वेळी मी तोंड उघडणार नाही आणि आईलाही उघडू देणार नाही. तू काय सांगतेस ते मला ऐकायचं आहे.

तुझीच,
ताई